प्रशिक्षणाचे फलित आणि शासकीय नोंदींची साक्ष

तालुक्याच्या ठिकाणी चालणाऱ्या शिवणकामाच्या, वीजतंत्रीच्या किंवा संगणकाच्या एखाद्या प्रशिक्षण वर्गाचा समारोप आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेला असतो. प्रमाणपत्रे वाटली जातात, पाहुण्यांचे भाषण होते आणि चार दिवसांत अहवाल तयार होतो : प्रवेश इतके, उत्तीर्ण इतके, नोकरीस लागलेले इतके, खर्च इतका. अहवाल वरिष्ठ कार्यालयाकडे रवाना होतो व त्या वर्गाची फाईल बंद होते. परंतु ज्या हेतूने हा सारा खटाटोप झाला, त्यासंबंधीच्या मुख्य प्रश्नाचे उत्तर त्या फाईलमध्ये सहसा सापडत नाही. प्रशिक्षण मिळाले नसते, तर या मुलामुलींचे काय झाले असते? आणि त्या स्थितीहून आजची त्यांची स्थिती किती वेगळी आहे?

हा प्रश्न केवळ अभ्यासकांचा नाही. प्रशिक्षणावर सार्वजनिक पैसा खर्च होतो, हे तर खरेच. पण त्याहून मोठी किंमत प्रशिक्षणार्थी स्वतः देत असतो. शेतमजुराचा मुलगा जेव्हा वर्षभर वर्गात बसतो, तेव्हा तो वर्षभराची मजुरी सोडून देतो. वर्गाने त्याला काहीच दिले नाही, तर ते वर्ष त्याला कोणीही परत करू शकत नाही. उलट, एखादा वर्ग खरोखर उपयोगी असूनही केवळ आकडे कमी दिसतात म्हणून बंद पडला, तर पुढच्या तुकडीतील मुलांची वाट बंद होते. या दोन्ही चुका टाळण्याचे एक साधन शासनाच्या निरनिराळ्या कार्यालयांतील नोंदींमध्ये आज उपलब्ध आहे. त्या नोंदी कशा वाचाव्यात, हे समजावून सांगण्याचा या लेखात प्रयत्न केला आहे.

नोकरीस लागलेले आणि प्रशिक्षणामुळे लागलेले

प्रथम एक साधे उदाहरण घेऊ. त्यातील आकडे केवळ समजण्यासाठी कल्पिलेले आहेत. समजा, एक प्रशिक्षण केंद्र औद्योगिक वसाहतीला लागून आहे आणि दुसरे डोंगराळ, आडवळणाच्या तालुक्यात आहे. दोन्ही ठिकाणी प्रत्येकी ४० जणांनी प्रशिक्षण घेतले. वर्षभरानंतर पहिल्या केंद्राचे २८ जण कामावर आढळले, दुसऱ्या केंद्राचे १६. अहवालात पहिल्या केंद्राचे यश ७० टक्के व दुसऱ्याचे ४० टक्के असे लिहिले जाईल आणि पहिले केंद्र उत्तम ठरेल.

आता त्याच भागातील, त्याच वयाचे, तितकेच शिकलेले, पण प्रशिक्षण न मिळालेले प्रत्येकी ४० तरुण पाहू. वसाहतीजवळच्या या तरुणांपैकी २६ जण प्रशिक्षणाशिवायच कामास लागले होते. डोंगराळ तालुक्यात मात्र केवळ ८ जण. म्हणजे पहिल्या केंद्राने प्रत्यक्षात २ जणांची भर घातली आणि दुसऱ्याने ८ जणांची. जे केंद्र अहवालात मागे होते, ते लोकांच्या उपयोगी पडण्यात चौपट पुढे होते.

केवळ नोकरीस लागलेल्यांची टक्केवारी पाहून अनुदान द्यावयाचे ठरविले, तर दुसरे केंद्र बंद पडेल. शिवाय आणखी एक गोष्ट घडेल. आपली टक्केवारी चांगली दिसावी म्हणून केंद्रे प्रवेशाच्या वेळीच हुशार, शहरालगतची, ज्यांना तसेही काम मिळालेच असते अशी मुले निवडू लागतील. ज्यांच्यासाठी योजना आखली, तेच दाराबाहेर राहतील. दीनदयाल उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजना २०१४ मध्ये जाहीर झाली, तेव्हा प्रशिक्षितांपैकी किमान ठरावीक टक्के जणांना रोजगार मिळवून देण्याची अट संस्थांना घालण्यात आली. प्रमाणपत्रे वाटून मोकळे होण्यापेक्षा ही अट निश्चितच पुढची पायरी होय. तथापि अशी अट परिणाम मोजत नाही, केवळ अखेरची स्थिती मोजते, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

नोंदी कोठे असतात?

प्रशासकीय नोंदी म्हणजे कामकाजाच्या ओघात, दुसऱ्याच कारणासाठी ठेवल्या गेलेल्या नोंदी. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेचे प्रवेश अर्ज व गुणवत्ता यादी, हजेरीपट, परीक्षेचे निकाल, विद्यावेतनाची देयके, शिकाऊ उमेदवारांची नोंदणी, ‘महास्वयं’ संकेतस्थळावरील रोजगारेच्छुकांची नावे, कर्मचारी भविष्य निर्वाह निधीची मासिक वर्गणी, राज्य कामगार विम्याची वर्गणी, असंघटित कामगारांसाठी २०२१ मध्ये सुरू झालेली ‘ई-श्रम’ नोंदणी ही त्यांची उदाहरणे. यांपैकी भविष्य निर्वाह निधीची नोंद विशेष महत्त्वाची आहे. २०१४ पासून प्रत्येक सभासदास एकच कायम खाते क्रमांक मिळू लागला आणि तो नोकरी बदलली तरी बदलत नाही. त्यामुळे एखादी व्यक्ती कोणत्या महिन्यात नोकरीस लागली, किती महिने टिकली व तिच्या वेतनात कशी वाढ झाली, हे तिला न विचारताही कळू शकते.

अशा नोंदींचे फायदे उघड आहेत. त्या आधीच गोळा झालेल्या असल्याने खर्च अल्प लागतो. त्या काही निवडक लोकांच्या नसून सर्वांच्या असतात. मनुष्याच्या स्मरणावर त्या अवलंबून नसतात. तीन वर्षांपूर्वीच्या वैशाखात किती मिळकत झाली, हे कोणालाच नेमके आठवत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे त्या प्रशिक्षणाच्या आधीच्या व नंतरच्या अनेक वर्षांचा मागोवा देतात. मुलाखती घेणारा पाहणी अधिकारी मागे जाऊ शकत नाही; नोंदवही जाऊ शकते.

दुष्काळी वर्षाशी तुलना

या मार्गाचे गुण आणि धोके दोन्ही प्रथम स्पष्टपणे दिसले ते अमेरिकेत. तेथे १९६२ मध्ये मनुष्यबळ विकास व प्रशिक्षण कायदा संमत झाला आणि बेकार कामगारांसाठी मोठ्या प्रमाणावर वर्ग सुरू झाले. ऑर्ली ॲशेनफेल्टर या अर्थशास्त्रज्ञांनी १९६४ च्या पहिल्या तीन महिन्यांत प्रशिक्षण सुरू केलेल्यांच्या नोंदी सामाजिक सुरक्षा योजनेतील कमाईच्या नोंदींशी जोडल्या. त्याच योजनेच्या नोंदींतून प्रशिक्षण न घेतलेल्या कामगारांचा एक नमुना घेऊन तो तुलनेसाठी शेजारी ठेवला. हा अभ्यास १९७८ मध्ये प्रसिद्ध झाला.

नोंदींत एक विलक्षण गोष्ट दिसली. प्रशिक्षणार्थींची कमाई प्रशिक्षणाच्या आदल्या वर्षी, म्हणजे १९६३ मध्ये, एकाएकी खाली आली होती. विचार केला तर यात आश्चर्य नाही. नोकरी गेली, काम तुटले, आजारपण आले, म्हणूनच तर माणूस प्रशिक्षणाच्या दाराशी येतो. परंतु अशा माणसांपैकी अनेकांना प्रशिक्षण न घेताही पुढे काम मिळालेच असते. तेव्हा घसरलेल्या वर्षाची कमाई नंतरच्या कमाईतून वजा केली, तर आपोआप झालेली सुधारणाही प्रशिक्षणाच्या खात्यावर जमा होते. दुष्काळी सालचे पीक आणि पुढील चांगल्या पावसाच्या सालचे पीक यांची तुलना करून सारे श्रेय नव्या बियाण्यास देण्यासारखेच हे होय. या घसरणीला आज अर्थशास्त्रात ॲशेनफेल्टर यांच्याच नावाने ओळखतात.

ही घसरण हिशेबात घेऊनही लाभ शून्य नव्हता. पुरुषांच्या बाबतीत प्रशिक्षणानंतरच्या लगतच्या काळात वर्षाला १५० ते ५०० डॉलर इतकी वाढ आढळली, परंतु पाच वर्षांत ती जवळपास निम्म्यावर आली. स्त्रियांच्या बाबतीत ती ३०० ते ६०० डॉलर होती आणि पुढील वर्षांतही कमी झाल्याचे दिसले नाही. वर्ग संपल्यावर तीन महिन्यांनी पाहणी केली असती, तर स्त्री-पुरुषांतील हा भेद कधीच कळला नसता. अनेक वर्षांच्या नोंदी हाती असल्यामुळेच तो दिसला.

यातून अधिकाऱ्यांनी घ्यावयाचा धडा सरळ आहे. ‘प्रशिक्षणापूर्वी’ची स्थिती लिहिताना केवळ प्रवेशाच्या दिवसाची स्थिती लिहून भागत नाही, त्यामागील दोन-तीन वर्षांचा आलेख पाहिला पाहिजे.

योग्य तुलना कोणाशी?

कोणाशी तुलना करावयाची, हा या विषयातील सर्वांत अवघड भाग होय. जे स्वतःहून प्रशिक्षणास येतात ते न येणाऱ्यांहून वेगळे असतात. कधी ते अधिक जिद्दीचे असतात, तर कधी अधिक अडचणीत असतात. नोंदवहीत वय, शिक्षण व गाव असते. जिद्द किंवा घरची ओढाताण नसते.

ही अडचण किती मोठी आहे, हे रॉबर्ट लालोंड यांनी १९८६ मध्ये दाखवून दिले. अमेरिकेत १९७० नंतरच्या दशकाच्या मध्यास दहा ठिकाणी एक प्रयोग झाला होता. साहाय्यावर जगणाऱ्या माता, तुरुंगातून सुटलेले, व्यसनातून बाहेर पडलेले आणि शाळा सोडलेले तरुण यांना काही महिन्यांचे हमीचे काम देण्यात आले. अर्जदारांपैकी कोणाला हे काम द्यावयाचे, हे सोडत काढून ठरविले गेले. त्यामुळे ज्यांची सोडतीत निवड झाली नाही, ते प्रत्येक बाबतीत निवड झालेल्यांसारखेच होते. या दोन गटांची तुलना केली असता पुरुषांच्या १९७८ मधील कमाईत सुमारे ८८६ डॉलरची वाढ दिसली. नंतर लालोंड यांनी सोडतीतील न निवडलेला गट बाजूला ठेवून त्याऐवजी राष्ट्रीय पाहण्यांतील सर्वसाधारण कामगारांशी तुलना केली. तेव्हा उत्तर पार बदलले. काही पद्धतींनी तर याच कार्यक्रमामुळे हजारो डॉलरचे नुकसान झाले, असे उत्तर आले. कार्यक्रम तोच, माणसे तीच. केवळ तुलनेचा गट बदलला होता.

म्हणून शक्य तेथे सोडत हा उत्तम मार्ग मानला जातो. अमेरिकेतच १९८७ ते १९८९ या काळात १६ ठिकाणच्या सुमारे २०,६०० अर्जदारांची अशी विभागणी करण्यात आली. दोन-तृतीयांशांना सरकारी प्रशिक्षण कार्यक्रमाची वाट मोकळी ठेवली गेली, एक-तृतीयांशांना काही काळ थांबविले गेले. प्रौढ स्त्री-पुरुषांना माफक लाभ झाला. शाळाबाह्य तरुणांना झाल्याचे दिसले नाही. कोलंबियात १८ ते २५ वर्षांच्या गरीब शहरी तरुणांसाठी तीन महिने वर्ग व तीन महिने प्रत्यक्ष काम असा कार्यक्रम होता. त्याच्या २००५ मधील तुकडीत जागांहून अधिक उमेदवार निवडून त्यांच्यात सोडत काढण्यात आली. तेथे तरुण स्त्रियांची कमाई सुमारे एक-पंचमांशाने वाढलेली आढळली. पुढे सामाजिक सुरक्षेच्या नोंदी जोडून पाहिले असता औपचारिक नोकरीतील लाभ अनेक वर्षे टिकून असल्याचे दिसले.

‘गरजू माणसाला सोडतीवर सोडणे हा अन्याय नव्हे काय?’ अशी शंका स्वाभाविक आहे. जागा सर्वांना पुरत असतील, तर सोडतीचे कारणच नाही. परंतु ३० जागांसाठी १०० अर्ज आले, तर ७० जणांना नकार मिळणारच असतो. तो ओळखीने किंवा आधी आलेल्यास आधी या न्यायाने मिळण्यापेक्षा सर्वांसमक्ष काढलेल्या सोडतीने मिळणे अधिक न्याय्य होय. सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत पाहिलेल्या पंचायत सदस्यांस ही पद्धत नवी नाही.

सोडत शक्य नसेल तेथेही मार्ग आहे. आपल्या राज्यात औद्योगिक प्रशिक्षण संस्थांचे प्रवेश केंद्रीय पद्धतीने व गुणवत्तेनुसार होतात. एखाद्या व्यवसायात प्रवेश मिळालेला शेवटचा उमेदवार आणि प्रवेश हुकलेला पहिला उमेदवार यांच्यात एखाद-दुसऱ्या गुणाचेच अंतर असते. त्या सीमेच्या दोन्ही बाजूंच्या उमेदवारांचा पुढील पाच वर्षांचा मागोवा भविष्य निर्वाह निधीच्या नोंदींतून घेतला, तर प्रशिक्षणाचा परिणाम बऱ्याच अंशी शुद्ध स्वरूपात दिसू शकतो. अर्थात, हुकलेल्यांपैकी काहीजण दुसऱ्या व्यवसायात किंवा महाविद्यालयात जातात, याची नोंद ठेवावी लागेल. शिवाय हे उत्तर सीमेजवळच्या मुलांपुरतेच असेल. तरीही केवळ टक्केवारीपेक्षा ते कितीतरी विश्वसनीय ठरेल.

नोंदीस न दिसणारा माणूस

आता नोंदींच्या मर्यादा पाहू. भविष्य निर्वाह निधीचे बंधन सर्वसाधारणपणे २० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना आहे. २०२३-२४ च्या राष्ट्रीय श्रमबल पाहणीनुसार देशातील काम करणाऱ्यांपैकी ५८ टक्क्यांहून अधिक लोक स्वयंरोजगारात होते, जवळजवळ २० टक्के रोजंदारीवर होते आणि नियमित वेतनावर सुमारे २२ टक्केच होते. म्हणजे बहुसंख्य माणसे या नोंदवहीत येतच नाहीत.

शिवणकाम शिकून घरीच यंत्र घेऊन बसलेली स्त्री, गावात पंप दुरुस्त करणारा तरुण, आठवडी बाजारात भ्रमणध्वनी दुरुस्तीचे दुकान मांडणारा मुलगा, हे तिघेही प्रशिक्षणाचे यशच आहेत. परंतु निधीच्या नोंदीत तिघेही ‘बेकार’ दिसतील. केवळ त्या नोंदीवर विसंबून शिवणवर्ग निरुपयोगी ठरविला, तर त्याचा फटका मुख्यतः ग्रामीण स्त्रियांना बसेल. याच्या उलटही घडते. पूर्वीपासून त्याच कारखान्यात काम करणाऱ्याचे नाव उशिरा नोंदविले गेले, तर कागदावर नवी नोकरी दिसते, प्रत्यक्षात काहीच बदललेले नसते. रोजगारेच्छुकांच्या यादीत काम मिळालेल्यांची नावेही अनेकदा तशीच राहतात.

यावर उपाय असा की, नोंदींच्या जोडीला लहानशी नमुना पाहणी ठेवावी. सर्व प्रशिक्षणार्थींच्या घरी जाण्याची गरज नाही. दोन्ही गटांतून चिठ्ठ्या टाकून काही नावे निवडावीत, त्यांना प्रत्यक्ष भेटावे आणि नोंदीत न दिसलेल्यांपैकी किती जण खरोखर कमावीत आहेत, याचा अंदाज घ्यावा. वर उल्लेखिलेल्या २०,६०० अर्जदारांच्या अभ्यासात काही तरुणांच्या बाबतीत मुलाखतींतून मोठा तोटा दिसला, तर मालकांनी दिलेल्या वेतननोंदींतून तो दिसला नाही. दोन साक्षी जुळत नाहीत, तेव्हा कोणतीही एक घाईने खरी मानू नये.

नावे जुळविण्याची अडचण

दोन कार्यालयांच्या नोंदी जोडणे हे ऐकावयास सोपे, पण करावयास कठीण काम आहे. एकाच मुलीचे नाव शाळेच्या दाखल्यावर माहेरच्या आडनावाने, तर निधीच्या नोंदीत सासरच्या आडनावाने असते. एके ठिकाणी वडिलांचे नाव मधे असते, दुसरीकडे गळालेले असते. जन्मतारखेचेही तसेच. आपल्याकडे शाळेत नाव घालताना १ जून ही तारीख लिहिण्याची प्रथा इतकी रूढ होती की, जुन्या दाखल्यांत या एका तारखेस जन्मलेले असंख्य आढळतात. तेव्हा नाव व जन्मतारीख यांवरून जुळणी केल्यास दोन भिन्न माणसे एक ठरण्याचा किंवा एकच माणूस हरवण्याचा संभव असतो. यात स्त्रिया अधिक हरवतात आणि मग स्त्रियांना प्रशिक्षणाचा लाभ झाला नाही, असा चुकीचा निष्कर्ष निघतो. प्रवेशाच्या वेळीच कायम क्रमांक नोंदविणे आणि किती नावे जुळली नाहीत, हा आकडा अहवालात प्रामाणिकपणे देणे, हेच यावरील उत्तर होय.

नोंदी जोडताना व्यक्तीच्या खाजगीपणाचा विसर पडता कामा नये. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये खाजगीपणाचा हक्क मूलभूत हक्क म्हणून मान्य केला आणि २०२३ मध्ये संसदेने वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत केला. मूल्यमापनासाठी माणसाचे नाव लागतच नाही. जुळणी झाली की नाव काढून त्याजागी सांकेतिक क्रमांक ठेवता येतो. कोणाचे वेतन किती, कोणाची नोकरी गेली, ही माहिती ग्रामपंचायतीच्या फलकावर किंवा चावडीवर येता कामा नये.

आपण काय करू शकतो?

मोठे अभ्यास विद्यापीठे व संशोधन संस्था करतील. परंतु त्यांचा पाया संस्थेच्या कार्यालयात घातला जातो. त्यासाठी काही गोष्टी आजच करता येण्याजोग्या आहेत.

पहिली गोष्ट म्हणजे प्रवेश नाकारलेल्यांचे अर्ज रद्दी समजू नयेत. उद्याचा तुलनागट त्यांतूनच तयार होतो. निवड कोणत्या निकषाने झाली, हेही त्या यादीवर लिहून ठेवावे. दुसरी गोष्ट म्हणजे मधेच वर्ग सोडून गेलेल्यांना हिशेबातून वगळू नये. वर्ग पूर्ण करणाऱ्यांचेच फलित मोजले, तर ते नेहमीच चांगले दिसते. सोडून जाण्याची तारीख व कारण नोंदवावे, एस.टी.ची सोय नाही हे कारण वारंवार दिसले, तर दोष अभ्यासक्रमाचा नसतो. तिसरी गोष्ट म्हणजे विद्यावेतनाचा काळ आणि नोकरीचा काळ वेगळे लिहावेत. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना २०२४ मध्ये सुरू झाली, तेव्हा शिक्षणानुसार दरमहा ६,०००, ८,००० व १०,००० रुपये विद्यावेतन ठरविण्यात आले. अशा योजनेचे खरे फलित हे विद्यावेतन थांबल्यानंतरच्या महिन्यांत दिसते. चौथी गोष्ट म्हणजे पाहणी एकदाच न करता सहा महिने, एक वर्ष व तीन वर्षे अशा टप्प्यांनी करावी.

शिक्षक व पंचायत सदस्य यांची यात मोलाची मदत होऊ शकते. गावातील कोणता मुलगा पुण्यास गेला, कोणती मुलगी घरी शिवणकाम करते, हे त्यांना ठाऊक असते. नोंदीस न दिसणाऱ्या माणसापर्यंत पाहणी अधिकाऱ्यास नेण्याचे काम तेच करू शकतात. ग्रामसभेत प्रशिक्षणाचा अहवाल मांडला जाईल, तेव्हा ‘किती जणांना प्रमाणपत्र मिळाले?’ या प्रश्नाबरोबर ‘ज्यांना वर्ग मिळाला नाही, त्यांचे काय झाले?’ हा प्रश्नही विचारावा. त्याचे उत्तर देण्याची तयारी ठेवून नोंदी राखल्या गेल्या, तर कोणता वर्ग वाढवावा, कोणता सुधारावा व कोणता थांबवावा, हे अंदाजाने नव्हे तर पुराव्याने ठरविता येईल. आणि वर्षभराची मजुरी सोडून वर्गात येणाऱ्या मुलाला, हे वर्ष तुझ्या उपयोगी पडेल, असे खात्रीने सांगता येईल.